पानशेतच्या पाण्यात एक वल्हं

माझं माहेर बुधवार पेठेतलं. खाली रेडिओदुरुस्तीची दुकानं, वर आम्ही. घरात कांदासुद्धा वार बघून चिरायचे. लग्न मात्र मी कोकणातल्या माणसाशी केलं. तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "मासे खाणाऱ्याच्या घरी चाललीस, आता ते धरायलाही शीक." तीस वर्षं मी मासा शिजवला, पण तुकडे करून आणलेला. जिवंत माशाला कधी बोट लावलं नाही.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी, दोन माणसांची कयाक विकत घेतली. जाड प्लॅस्टिकची, पिवळी, वर बसून वल्हवायची. तिच्यात बसून धरणाच्या पाण्यात मासेमारी करायची, हा त्यांचा बेत. पन्नाशीत स्वारगेटजवळच्या तलावावर मी पोहायला शिकले होते, तेवढ्या बळावर मीही निघाले. अट एकच घातली, लाइफ जॅकेट दोघांनीही घालायचं. त्यांनी घातलं, पण तीनपैकी एकच पट्टा लावला. म्हणे उकडतं.

पानशेतला आम्ही तासभर पाण्यावर होतो. काही लागलं नव्हतं. मी मागे बसून वल्हवत होते, हे पुढे. त्यांच्या दोरीला प्लॅस्टिकचा खोटा मासा होता आणि त्याच्या पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. अकराच्या सुमारास वारा सुटला. मी म्हटलं, "अहो, परत फिरू या." ते म्हणाले, "शेवटचा एकदा टाकतो."

त्या शेवटच्या वेळेलाच मासा लागला. चांगला हातभर लांब होता. त्यांनी त्याला कयाकीजवळ ओढला आणि उचलायला हात खाली घातला. मासा उसळला. एक गळ माशाच्या तोंडात होता, दुसरा ह्यांच्या तळहातात घुसला. ते ओरडून एका बाजूला झुकले आणि आम्ही दोघंही पाण्यात गेलो.

वर आले तेव्हा कयाक उलटी झाली होती. ह्यांचं जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं होतं आणि त्यांचा उजवा हात सारखे हिसके खात होता. मासा अजून त्याच खोट्या माशाला अडकलेला होता. तो पळायला बघत होता आणि प्रत्येक हिसक्यासरशी गळ ह्यांच्या हातात आणखी खोल जात होता. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मी काही विचार केला नाही. माशाला दोन्ही हातांनी धरून कयाकीच्या बुडाशी दाबला. तो गार होता, बुळबुळीत होता आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार ताकदवान होता. एकदा सुटला. दुसऱ्यांदा मी त्याला कोपराखाली घट्ट आवळला, त्याच्या ओठातला गळ चिमटीत धरला आणि फिरवून उपसला. मासा गेला. मग ह्यांच्या जॅकेटला बांधलेल्या छोट्या कात्रीने दोरी कापली.

"आता हलू नका," मी म्हटलं. "हात वर धरा."

कयाक सुलटी करायला मला दोनदा तिच्या बुडावर पालथं पडून पलीकडची कड ओढावी लागली. पोट घासत वर चढले. हे मात्र चढू शकेनात. वजन जास्त आणि हात एकच. तिसऱ्या प्रयत्नात कयाक पुन्हा कलंडायला लागली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. एक वल्हं वाऱ्याबरोबर लांब गेलं होतं. दुसरं हाताशी होतं.

"मागची दोरी डाव्या हाताने धरा आणि पाय मारत राहा."

"गाडीकडे वळव," ते म्हणाले.

"नाही. तिकडून वारा येतोय. समोरचा काठ धरायचा."

"अगं, तिकडे रस्ता नाही."

"जमीन आहे ना?"

मी वल्हं मारायला लागले. मागे एवढं ओझं असल्यावर कयाक जागची हलत नाही असंच वाटतं. मी काठावरचं एक एकटं बाभळीचं झाड नजरेत धरलं आणि तेवढंच बघत राहिले. दर दहा वल्ह्यांनी विचारायचे, "आहात ना?" ते म्हणायचे, "आहे." एकदा उत्तर यायला उशीर झाला. मी मागे वळून ओरडले, "पाय मारा म्हटलं ना!" तीस वर्षांत मी त्यांच्यावर अशी ओरडले नव्हते. पाय सुरू झाले.

किती वेळ लागला ते कळलं नाही. गुडघाभर चिखलात उतरलो तेव्हा काठावर कपडे धुणारी एक बाई उठून आली. तिने हात बघितला. "गळ हाय व्हय? वढू नका. दवाखाना हाय, पर लांब हाय. वर वाडीत दुधाची गाडी यील आता, तिच्यात बसा." तिने ह्यांच्या अंगावर स्वतःची सुकत घातलेली चादर टाकली आणि कयाक ओढून झाडाला बांधायला मला मदत केली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात बधिर केला, गळ पुढे ढकलून त्याचं टोक बाहेर काढलं आणि कापलं. काम करताना त्यांनी शांतपणे विचारलं, "नक्की कोणी कोणाला पकडलं?" हे हसले. मी तेव्हा कुठे बाकावर बसले.

पंधरा दिवसांनी कयाक आणायला गेलो. हे म्हणाले, चार माणसं लावून डोंगरावरून उचलून आणू. मी म्हटलं, पाण्यातून मीच आणते. ते म्हणाले, "पट्टे तिन्ही लाव." दुसरं वल्हं नवीन घेतलं होतं, ते जोडीला बांधून ठेवलं. सकाळी वारा नसताना निघाले. मध्यावर, साधारण त्याच जागी, थांबावंसं वाटलं. थांबले असते तर पुन्हा कधी पाण्यावर गेले नसते, म्हणून थांबले नाही. अलीकडच्या काठावर, वळसा घालून आधीच पोचलेले हे पट्टी बांधलेला हात उंच धरून उभे होते.

आम्ही अजूनही जातो. सातला पाण्यात उतरतो, दहाला बाहेर येतो. ह्यांच्या सगळ्या गळांच्या टोकांजवळचे, रुतलेला गळ मागे निघू न देणारे उलटे काटे मी पकडीने दाबून सपाट केले आहेत. त्यामुळे निम्मे मासे सुटतात, अशी त्यांची तक्रार आहे. सुटू देत.