गौरी मागे सरकते तेव्हा

बंपरला वेल्डिंग केलेला हुक मी हातोडीच्या दोन ठोक्यांत खाली पाडला, तेव्हा जावईबापू तो उचलून उलटसुलट बघायला लागले.

राकेश मऊरानीपूरचा शेतकरी, शिंदेकाकूंचा जावई. काकूंचे यजमान रेल्वेत गार्ड होते, गेल्या वर्षी वारले. आता काकू झाशीचं घर सोडून लेकीकडे निघाल्या होत्या आणि त्यांची म्हैस गौरीही सोबत जाणार होती. गौरी म्हातारी, एका गुडघ्याने अधू. पिकअपच्या उंच हौद्यात ती चढणं शक्य नव्हतं, म्हणून राकेशने बुटका ट्रेलर आणला होता. जमलं नाही तर म्हैस इथल्याच गवळ्याला विकू, असं तो बोलून बसला होता. तेव्हापासून काकू धड जेवल्या नव्हत्या.

मी फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो आणि झाशीतच गॅरेज टाकलं. जुगाड मला खपत नाही. बंपर म्हणजे नुसता पत्रा. ट्रेलरची ओढ चेसिसने, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याने घ्यायला हवी. मी हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, चेसिसला बोल्टने आवळला. तो निसटलाच तर ट्रेलर सुटू नये म्हणून दोन सेफ्टी चेन फुलीसारख्या लावल्या. ब्रेकलाइटची वायर जोडली, टायरमधली हवा तपासली. एवढं कशाला, असं राकेशने विचारलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वाळूच्या गोण्या भरून ट्रायल घेतली. ट्रेलर सुतासारखा सरळ. मग गौरीला चढवलं, आणि थोडं पुढे जातो तोच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. हळूहळू वेग उतरवून मी गाडी कडेला घेतली.

कारण साधं होतं. ट्रेलरमधलं वजन चाकांच्या जरा पुढे लागतं, म्हणजे हिचवर थोडा भार राहतो. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवतो. गोण्या ठेवल्या तिथे राहतात. गौरी मात्र काकूंना शोधत मागच्या फळीशी जाऊन उभी होती. मी तिच्या मागे आडवा दांडा लावला, तर ती सगळा जोर लावून रेटायला लागली. अधू पाय थरथरू लागला. मी दांडा काढला आणि गाडी गॅरेजला परत आणली.

राकेश हळूच म्हणाला, "उस्ताद, रहने दो. अम्मा को मैं समझा लूँगा."

काकूंनी ते ऐकलं. "भाऊ, मी बसते तिच्यापाशी. मग नाही ती हलायची."

"ट्रेलरमध्ये माणूस बसवत नाही मी, काकू." जरा कडकच बोललो. त्यांचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं, पण ती परवानगी मी देऊ शकत नव्हतो.

काकू गौरीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दवाखान्यात होते ना, तेव्हा ही दूधच देईना. शेवटी आमचे हे माझं लुगडं गुंडाळून धार काढायला बसायचे. भर सकाळी, अंगणात, मिशांसकट. तेव्हा कुठे पान्हा सोडायची." आणि हसता हसता त्या रडू लागल्या.

राकेश पिकअपवर चढला आणि सामानातलं कपड्यांचं गाठोडं सोडू लागला.

"धुतलेलं नको," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "काल धार काढताना नेसलेलं घे."

ते लुगडं मी ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला घट्ट बांधलं. गौरी हुंगत पुढे आली, त्यात तोंड खुपसलं आणि तिथेच उभी राहिली. मागचा दांडा परत लावला, तर तिने शेपटीनेही तक्रार केली नाही. पुन्हा ट्रायल घेतली. ट्रेलर सरळ. काकूंना पुढच्या सीटवर बसवून मी बेल्ट लावून दिला.

संध्याकाळी राकेशचा फोन आला. सगळे सुखरूप पोहोचले होते. फक्त गौरी लुगडं सोडून खाली उतरेना, अम्मांनी स्वतः हाक मारली तेव्हा उतरली.

हिच, चेन, ब्रेक, हवा, सगळं मी अजूनही त्याच क्रमाने तपासतो. पण कोणी म्हैस न्यायची म्हणून आलं, की तिचं वजन विचारायच्या आधी मी विचारतो, हिची धार कोण काढतं?