सकिनाच्या आईचा दगड

वारसेनिक ज्या घरात म्हातारी झाली, त्या घरातला एक खिळाही तिच्या नवऱ्यानं ठोकलेला नव्हता. घर सकिनाचं. वारसेनिकचं स्वतःचं घर तिकडे अझरबैजानात, शिरवानच्या डोंगरातल्या तुतासार गावात, आणि त्या घरात सकिना राहायला गेलेली. शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठले त्या वर्षी या दोन गावांतल्या चार शहाण्या डोक्यांनी रक्त सांडायच्या आधीच अदलाबदल ठरवली. आर्मेनियन इकडे आर्मेनियात, अझरबैजानी तिकडे, घराला घर. कपाटं, गाद्या, शिवणयंत्रं ट्रकांतून गेली. मेलेली माणसं मात्र जिथल्या तिथे राहिली.

निघायच्या दिवशी सकिना अंगणातल्या रोटीच्या भट्टीपाशी घुटमळत होती. भट्टी कशी तापवायची, कुठल्या बाजूनं धूर कोंडतो, सगळं सांगून झालं तरी तिचा पाय निघेना.

"ताई, माझी आई वर टेकडीवर आहे. गुलसुम नाव. दगडावर चेहरा कोरलाय, लगेच कळेल."

"माझी नुनुफार देवळामागं, तुतीखाली," वारसेनिक म्हणाली. "सहा वर्षांची आहे." 'होती' म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

"मग तू माझ्या आईला बघ. मी तुझ्या लेकीला बघते."

एवढाच करार. ना सही, ना साक्षीदार.

वारसेनिकनं तो जिवापाड पाळला, आपल्या पद्धतीनं. ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव आपापल्या कबरींवर धूप जाळायला निघालं, की ही विस्तवाचं भांडं घेऊन परक्यांच्या टेकडीवर. मुसलमान बाई धुपानं गुदमरत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिकडे सकिनाचीही तीच गत. जॉर्जियाच्या हद्दीवरच्या बाजारात दोन्हीकडची माणसं माल विकायला येत, तिथून एक चीजवाला वर्षातून एकदा फोटो आणी. नुनुफारच्या दगडावर, कोरलेल्या क्रुसाखाली, पाणी शिंपडलेलं आणि चकचकीत कागदातल्या गोळ्यांचा ढीग.

"तुझ्या पोरीचे दात किडवणार ती बया!" गावातल्या बायका हसल्या. वारसेनिकही हसली, आणि मग कोठीत जाऊन पोटभर रडली.

पुढे तो बाजार बंद पडला. शेवटचा फोटो तेवढा विचित्र आला होता: अगदी जवळून, तिरका, अर्धाच दगड. क्रुसाचा एकच हात दिसत होता. "सकिनाच्या पोराला धड कॅमेरा धरता येत नाही," असं ती वर्षानुवर्षं करवादली, तरी फोटो चौकटीत घालून कपाटावर ठेवला.

मग लढाई झाली. शेजारच्या गेगामचा नातू वाहाग्न पेटीतून घरी आला, आणि पेटी उघडू दिली नाही. त्यानंतर गेगाम तिच्याशी बोलेनासा झाला. एकदाच फाटकातून ओरडला, "धू, धू त्यांचे दगड! माझ्या पोराच्या रक्तानं धू!" ती मान खाली घालून बादली घेऊन वर गेली.

यंदा त्या सोमवारी ती टेकडीवर पोचली, तेव्हा गुलसुम पालथी पडलेली होती. दगडाचे दोन तुकडे. कडेला पहारीचे ताजे ओरखडे.

वारसेनिकच्या मनात पहिल्यापासून एक धास्ती ठाण मांडून होती: इकडे जे होईल ते तिकडे होणार. इथला दगड पडला म्हणजे तुतीखालचाही पडला. कोणी वेडी म्हणो. ती तडक गेगामच्या अंगणात गेली.

"पहार घे आणि चल."

"कुठं?"

"पाडलास तिथं. एकटीनं उचलवत नाही मला."

गेगाम लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली न ठेवता म्हणाला, "आक्का, तुझ्या पोरीवर त्यांनी कधीच नांगर फिरवला असेल. कोणासाठी मरतेस?"

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मीही नाही. पाहिलं नाही तोवर ती आहे. गेगाम, तुला तुझ्या पोराच्या दगडाशी जाऊन बसता तरी येतं रे."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. मग सिमेंटची अर्धी गोणी खांद्यावर टाकून तिच्यापुढे चालू लागला. वर दोघांनी मिळून तुकडे उचलले, सांधले, खाली लहान दगड ठोकून टेकू दिला. काम करताना तो मुसमुसत होता. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. सांधा काही लपेना. गुलसुमच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला होता.

"तुझ्या फोनवर फोटो काढ," वारसेनिक म्हणाली.

"पाठवायचा कोणाला?"

"काढ तू. पण तडा दिसू देऊ नकोस. सकिनाला कळलं तर झोप नाही लागायची तिला. जवळून घे. जरा तिरका. अर्धा आला तरी चालेल."

गेगामनं गुडघ्यावर बसून फोटो काढला आणि फोन तिच्यासमोर धरला. अगदी जवळून, तिरका, अर्धाच दगड.

वारसेनिकनं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. हाच फोटो तिनं घरी कपाटावर रोज सकाळी पुसला होता.

"बरा आलाय की," गेगाम म्हणाला. "काय झालं?"

"तिच्या पोराला चांगला धरता येत होता रे कॅमेरा," वारसेनिक म्हणाली, आणि सकिनाच्या आईच्या पायाशी खाली बसली.