चाकूच्या कागदावर चार

आप्पांनी चाकू टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मॅडम, मरत न्हाई ना मी?”

रांजणगावच्या एका कंपनीत जुने स्मोक डिटेक्टर, म्हणजे छतावरचे धूर ओळखणारे डबे, काढणं चालू होतं. राहू गावचे निवृत्ती आप्पा तिथले इलेक्ट्रिशियन. त्यांनी एक डबा उघडला, आतली चकती पितळेची आहे का बघायला चाकूनं खरवडली आणि त्याच हातांनी भाकरी खाल्ली. चकतीवर किरणोत्सारी पदार्थ असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुपरवायझरनं लेबल उशिरा वाचलं आणि मला पुण्याहून बोलावलं. किरणोत्सर्ग सुरक्षा हे माझं काम.

या पदार्थाच्या अणूंच्या केंद्रातून अल्फा कण बाहेर पडतात. कण जड, पण पल्ला तोकडा. साधा कागदही त्यांना अडवतो. कातडीच्या बाहेर आहेत तोवर भीती नाही. पदार्थाची भुकटी शरीरात गेली तर मात्र आतून इजा होते. भाकरीचं ऐकताच मी कण मोजणारा काउंटर बाहेर काढला.

आप्पांचे हात आणि चाकू गोल कागदांनी पुसले. एकेक कागद काउंटरखाली ठेवला. कण आला की तो टिक करतो. आधी कोरा कागद लावला. मिनिटात दोन. एवढे आसपास असतातच. हातांचा कागद, एक. चाकूचा...

“चार,” मी वाचलं.

“डबल!” प्लांट हेड उभेच राहिले. “ॲम्ब्युलन्स बोलवू?”

“एका मिनिटावरून काही ठरत नाही, सर. प्रत्येक कागद अर्धा तास मोजू द्या.”

“तुमचं मशीन पक्कं सांगत नाही का?”

मशीनचा दोष नव्हता. कुठला अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. निसर्गातच तशी सोय नाही. पण ही अनिश्चितता बेबंद नसते. पुष्कळ वेळ मोजलं की सरासरी फारशी हलत नाही.

हे मला पाठ होतं. तरी काउंटरवरून नजर हटेना.

“घरी फोन लावू का?” आप्पांनी हळूच विचारलं. “पोरगी बाळंतपनाला आलीया. आन् सकाळी बाळाला ह्याच हातानं घेतलं व्हतं.”

“सकाळी डबा उघडला नव्हता ना, आप्पा?”

“न्हाई. जेवायच्या आदी उघडला.”

“मग बाळाची काळजी नको. फोन जरा थांबून करा.”

दीड तासानं आकडे आले. कोरा एक्कावन्न, हात एकोणपन्नास, चाकू चोपन्न. म्हणजे फरक नाही. भिंगाखाली चकती पाहिली. ओरखडा बाहेरच्या कडेवर होता, किरणोत्सारी पदार्थाचा थर शाबूत होता. खात्रीसाठी आप्पांची लघवी तपासायला पाठवली, तीही स्वच्छ निघाली.

तेव्हापासून एका मिनिटाचा आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.