पाटाचं पाणी आणि धुतलेलं धोतर

लग्न होऊन मी निरवांगीच्या वस्तीवर आले ती फुटक्या घागरीत एक आंब्याचं रोप घेऊन. कळंबला माझ्या माहेरी बांधावर आंबा होता, त्याचीच कोय मी रुजवली होती. वाटलं, सासरच्या रानात लावू, आपल्या हातचं काहीतरी राहील. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. त्यांनी रोपाकडं पाहिलं आणि म्हणाले, "रान आपलं न्हाय. झाड लावायचं न्हाय."

मी मुळातच फटकळ. पण नवी सून, काय बोलणार? आतल्या आत धुमसत राहिले. मामंजींच्या वडिलांपासून ते रान हेच लोक कसत होते, पण नावावर होतं बारामतीच्या मालकांच्या. आम्ही कुळं. कुळानं वांगी लावावीत, ऊस लावावा, पण झाड लावू नये, विहीर खोदू नये. उद्या उठ म्हटलं की उठायचं, मग झाड काय कमरेला बांधून न्यायचं? माझं रोप घागरीतच राहिलं. मी त्याला पाणी घालायची आणि घालताना मुद्दाम भांडी आपटायची.

अशात कूळकायद्याची बोलणी गावोगाव सुरू झाली. जो कसतो त्याच्या नावावर रान होणार म्हणे. आमच्या मालकांनी कचेरीत सांगितलं की कूळबिळ कुणी नाही, घरचीच वहिवाट आहे, ही माणसं मजुरीला येतात. मग खरं काय ते पाहायला कचेरीतले साहेब वस्तीवर येणार असं ठरलं. एकदा त्यांनी मजूर म्हणून लिहिलं की आम्ही कायमचे उठलो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? अंगावर मातीनं माखलेले कपडे, हातात खोरं, अशा थाटात साहेबांपुढं उभा राहिला असता. आमच्या मामंजींनी काय केलं? म्हणाले, "साहेब येणार. त्यांच्याम्होरं घाणेरडं दिसायचं न्हाय."

झालं. सगळ्यांनी काम बंद केलं. बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधले. खोरी, विळे, औत सगळं कडब्याच्या गंजीत दडपलं. अंगण सारवलं, घोंगडी अंथरली. नरसिंहपूरच्या देवाला जाताना नेसायचं धुतलेलं धोतर मामंजींनी पेटीतून काढलं. मला लग्नातलं हिरवं लुगडं नेसायला लावलं. सासूबाईंनी तर हातापायांना तेल चोळलं, भेगा दिसू नयेत म्हणून. रान कसणाऱ्याची एक खूण म्हणून शिल्लक ठेवली नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, "मला काय पाहुणे बघायला येणार आहेत का?" ते म्हणाले, "गप बस, आबा सांगत्यात तसं करायचं."

साहेब आले, पाठोपाठ मालक आले. मामंजींनी रिवाजाप्रमाणं मालकांना तक्क्याजवळ बसवलं आणि स्वतः घोंगडीच्या कडेला बसले. मालक वाईट नव्हते, बोलायला गोडच. त्याच गोडीत म्हणाले, "साहेब, वहिवाट घरचीच आहे. ही आपली जुनी माणसं, कामाला येतात."

साहेबांनी मामंजींना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मामंजी खाली बघत म्हणाले, "मालक मोठं हायेत. मी काय बोलू?"

दाराआड सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला असा संताप आला की काय सांगू. घरी आलेल्या पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पण त्या पाहुण्यानं घरच काढून घेतलं तर? साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला कागद पुढं ओढला.

तेवढ्यात वरच्या बांधावरून शेजाऱ्यानं हाळी दिली, "आबा, पाणी सोडलंय वो!"

पाटाच्या पाण्याची आमची पाळी खरं तर संध्याकाळी होती. त्याचं रान भिजवून लवकर झालं, आणि त्यानं पाणी आमच्या दंडात, म्हणजे रानात पाणी नेणाऱ्या चारीत, सोडून दिलं. दंड कोरडा, वाफ्यांची दारं उघडायला कुणी नाही. पाणी आलं ते दंड फोडून थेट वांग्यांत शिरलं आणि तिथून अंगणाकडं निघालं.

मामंजी उठले. साहेब, मालक, रिवाज, सगळं घोंगडीवर सोडून पळाले. खोरं म्हणून हात पुढं केला, तर खोरं गंजीत. मग हातानंच माती ओढायला लागले. आमचे हे गंजी उपसायला धावले आणि सासूबाई खालच्या वाफ्यांची दारं उघडायला. मी कुठं जाऊ? दंड फुटला होता तिथं पाठ लावून सरळ बसले, हिरव्या लुगड्यानिशी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

मालकांनी वहाणा हातात घेतल्या आणि गांगरून म्हणाले, "अरे, हे पाणी आता जातं कुठं?"

साहेब लिहायचे थांबले.

कोरडी जागा शोधत मालकांनी वाफ्यात पाय टाकला, तसे मामंजी चिखलातून गरजले, "मालक, मागं सरा! वांगी हायती ती!"

"कुणाची वांगी?" साहेबांनी विचारलं.

"आमची. दुसऱ्या कुणाची?"

साहेब हसले. "मग मघाशी का नाही बोललात?"

मामंजींनी मनगटानं तोंड पुसलं, चिखल आणखीच पसरला. म्हणाले, "मघाशी बसलो हुतो, साहेब."

साहेबांनी बांधावर उभ्यानंच लिहिलं. निघताना सासूबाईंनी मालकांच्या पिशवीत सवयीनं वांगी भरली, आणि त्यांनीही ती सवयीनं घेतली. मला तेव्हा त्याचाही राग आला. आता हसू येतं.

निकाल यायला बराच काळ गेला. तो ऐकायला मामंजी आणि आमचे हे इंदापूरला गेले होते. दिवस मावळायच्या आत परत आले. मी चुलीपाशी होते. मामंजी तडक परसात गेले आणि माझी फुटकी घागर उचलून घेऊन आले. रोप एव्हाना माझ्या कमरेएवढं झालं होतं, मुळं घागरीच्या फटीतून बाहेर आली होती. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली.

"पोरी, कुठं लावायचं?"

जागा मी पहिल्याच महिन्यात हेरून ठेवली होती. पण एवढी फटकळ मी, नुसती रडत उभी राहिले.

मामंजींनी खांद्यावर खोरं घेतलं. म्हणाले, "रडतीस काय? चल, जागा दाव."