लॉक कुणी धरलंय?

औषधांच्या त्या घाऊक गोदामात तिला सगळे दवंडी म्हणायचे, अगदी तोंडावर. बाई होती प्रोग्रॅमर, पण निम्मा दिवस जायचा जिन्यात. सगळ्या मजल्यांचा कारभार एकाच मिडरेंज कॉम्प्युटरवर चालायचा. फ्रिजएवढं धूड, पण वर्षानुवर्षं बिनतक्रार राबणारं. खोड होती ती माणसांची. कुणीतरी हॉस्पिटलची ऑर्डर दुरुस्त करायला उघडायचं आणि तशीच टाकून चहाला जायचं. उघड्या ऑर्डरला यंत्र दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायचं नाही; त्यालाच लॉक म्हणायचे. मग पॅकिंग अडलं, बिल अडलं, खाली ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. की निघाली आमची दवंडी मजल्यामजल्यावर, लॉक कुणी धरलंय म्हणून ओरडत.

यंदा मात्र तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी जिना बंद केला. मॅनेजरसाहेब मोठे गोड माणूस, आणि गोड माणसं जास्त घातक. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आता आराम करा. या जागेवर पळणारं माणूस लागतं. महिनाअखेरीला दुसरं कुणीतरी बघतो."

घरी आल्यावर ती रडली नाही, तणतणली. नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे पहिला मार त्याला. ऑर्डरचा अख्खा प्रोग्रॅम हिने ओळ न ओळ लिहिलेला, आणि किंमत काय, तर पायांची! बोलता बोलता ती म्हणाली, "आणि एवढं पळायचं तरी कशाला? लॉक यंत्रानेच दिलेलं असतं ना? त्याला काय माहीत नसतं कुणाला दिलंय ते?" इतकी वर्षं आपण माणसांना विचारत हिंडलो, हे तिच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

यंत्राला थेट विचारायची सोय होती. सिस्टिम एपीआय म्हणतात तिला. यंत्राला आतून जे ठाऊक असतं, ते आपल्या प्रोग्रॅममधून ठरलेल्या रीतीने विचारायचं. पण ती पडली ऑर्डर-बिलवाली. सिस्टिमच्या भानगडी मोठ्या लोकांनी कराव्यात, म्हणून ती त्या वाटेला कधी गेलीच नव्हती. आता पदर खोचला. चाचणीच्या फायली वेगळ्या काढल्या आणि बसली.

यंत्र उत्तर देतं, पण ते ठेवायला मेमरीतलं भांडं आपण पुढे करायचं, आणि त्यात किती मावतं तेही खरं सांगायचं. हिने भांडं धरलं लहान आणि माप सांगितलं मोठं. यंत्राने तेवढं ओतलं, आणि शेजारी ठेवलेल्या आकड्यांची पार वाट लागली. ते निस्तरलं, तर पुढचं. लॉक धरलेल्या स्क्रीनचं नाव डोळ्यांना बरोबर दिसत होतं, पण ती स्क्रीन कुठल्या टेबलावर आहे ते यादीत शोधायला गेलं की प्रोग्रॅम म्हणे, अशी स्क्रीनच नाही. बाई रडकुंडीला आली. महिना संपत आला होता.

रविवारी सकाळी नवऱ्याने तिला पडद्याच्या कापडावर टेपचं टोक धरायला बसवलं. ती वैतागून टोकाकडेच बघत होती. टोकावर एक नव्हता. एक यायचा इंचभर पुढे. म्हणजे उत्तरात नाव कुठे सुरू होतं ती जागा सांगताना यंत्र शून्यापासून मोजतंय आणि माझा प्रोग्रॅम एकापासून! ती एक घर आधीपासून वाचत होती. नावाच्या पुढे एक रिकामी जागा चिकटत होती, आणि रिकामं दिसणार कुणाला? टेप टाकून ती उठली. पडदा तिरका कापला गेला. प्रोग्रॅममध्ये तिने फक्त एक मिळवला.

शेवटच्या आठवड्यात ऐन दुपारी ऑपरेशनसाठीच्या औषधांची ऑर्डर अडली. साहेब स्वतः धावत आले, सवयीने जिन्याकडे बघत. बाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत एक बटण दाबलं. स्क्रीनवर उमटलं: तिसरा मजला, परत आलेल्या मालाचं टेबल, आणि खाली फोनचा नंबर. तिने फोन उचलला.

"ताई, तुमच्याकडे एक ऑर्डर उघडी राहिलीय. तेवढी बंद करा."

लॉक सुटलं. पॅकिंगवाले कामाला लागले आणि ट्रक फाटकाबाहेर पडला. साहेब तसेच उभे. "तुम्ही उठलासुद्धा नाहीत," ते म्हणाले.

"नाही उठले," ती म्हणाली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही. "आणि उद्याही उठणार नाही. आता कुणाला बघायचं असेल तर बघा."

साहेबांनी मान हलवली, तिच्याच टेबलावरचा फोन ओढून घेतला आणि मुलाखतीला बोलावलेल्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.