मायाताई आणि शिंगाडेवालीचा फोटो

नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमच्या ओळीत सगळ्यांत आधी इंटरनेट आलं ते मायाताई गजभियेंच्या घरी, दोन हजार साली. त्यांचे वडील कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी इथं घर बांधलं आणि पुढच्या खोलीत मायाताईंनी तीन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे उघडला. माझा पहिला ईमेल त्यांनीच उघडून दिला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "हे फक्त तुमचं, दुर्गेशभाऊ. मले पण सांगू नका," त्या म्हणाल्या.

कॅफेत पोरंटोरं तर यायचीच, पण दुपारी मोहल्ल्यातल्या बाया यायच्या. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाचा दुबईला. बाई सांगायची, मायाताई टाइप करायच्या. मात्र पाठवण्याआधी अख्खं पत्र मोठ्यानं वाचून दाखवायच्या. ऐकता ऐकता बाई म्हणायची, "हे नको वं, हे काढ. त्याले वाईट वाटन." निम्मं पत्र असं गळून जायचं. उरलेलं जायचं.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि कॅफे बंद पडला. मायाताईंनी एक कॉम्प्युटर ठेवला. त्यावर त्या आता लोकांचे फॉर्म भरून देतात: कॉलेजचे प्रवेश, पेन्शन, जातीचा दाखला. पंचवीस वर्षं इंटरनेट वापरणारी ही बाई, पण फोनवरच्या ग्रुपवर बोलणं मात्र त्यांनी सोडलं होतं. पूर्वी बोलायच्या. एकदा नात्यातल्या ग्रुपवर साखरेच्या आजारावरचा कसलासा काढा कोणी टाकला, तेव्हा त्यांनी तो चुकीचा आहे हे चार ओळींत समजावून सांगितलं. काढा टाकणारा चुलत भाऊ वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, लग्नाचं निमंत्रणही आलं नाही. तेव्हापासून सगळे ग्रुप म्यूट. "ज्याले समजाचं त्याले समजते," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दीक्षाभूमीची गर्दी ओसरून आठवडा झाला होता आणि शिंगाडे सुरू झाले होते. रामटेककडून एक बाई रोज सकाळच्या बसनं यायची, डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गल्ल्यांतून फिरायची. शामला तिचं नाव, पण ते आम्हाला नंतर कळलं. तेव्हा ती फक्त शिंगाडेवाली होती.

मंगळवारी तिचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर आला. वरच्या मजल्यावरून काढलेला. ती उकिडवी बसलेली, समोर दोन लेकरं, आणि ती त्यांच्या हातावर काहीतरी ठेवत होती. खाली लिहिलं होतं की पूर्व नागपुरात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही बाई शिंगाड्यातून गुंगीचं औषध देते, सर्वांना पाठवा.

मायाताईंनी तो पाहिला. खोटं आहे हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. गल्लीचं नाव नाही, तारीख नाही, कोणाची तक्रार नाही, शेवटी 'सर्वांना पाठवा'. अशी शेकडो त्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि हातातला फॉर्म पुरा केला.

गुरुवारी दुपारी बगीच्याच्या कोपऱ्यावर पंधरा-वीस जणांनी शामलाबाईंना घेरलं. कोणी आधार कार्ड मागितलं, कोणी टोपली ओढली. शिंगाडे रस्त्यावर पसरले आणि पायांखाली चिरडले. एकानं त्यांचा हात पिरगाळला. समोर सरिताचं शिवणकामाचं दुकान आहे. ती कात्री हातात तशीच घेऊन धावत आली, शामलाबाईंना कमरेला धरून आत ओढलं आणि शटर खाली घेतलं. बाहेरून लोक शटर बडवत होते. आतून सरितानं पोलिसांना फोन लावला. गाडी यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं दोघी कापडाच्या ढिगावर एकमेकींना धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाताई माझ्या दारात उभ्या.

"दुर्गेशभाऊ, तो फोटो आपल्या ग्रुपवर तुम्ही टाकला होता न?"

"आला होता, म्हणून टाकला. लोक सावध राहतीन म्हटलं."

"तुम्हाले कोणी पाठवला?"

मला राग आला. मी कॉलेजात शिकवतो. माझ्याच दारात मला कोणी असं विचारावं! म्हटलं, "पोलीस पाहून राहिले न आता मायाताई. तुम्ही काहून मागे लागल्या?"

"हात कोणी लावला ते पोलीस पाहतीन. बोललं कोण, हे कोणी पाहून नाही राहिलं." मग त्या पायरीवरच बसल्या. "मी मंगळवारीच पाहला होता, भाऊ. खोटा आहे हे मले समजलं. दोन दिवस होते. एक ओळ लिहिली असती तर काय झालं असतं मले? कोणी रुसलं असतं. बस."

मी फोन काढून त्यांच्या हातात दिला.

मला तो फोटो माझ्या साळ्यानं, अनंतनं, पाठवला होता. मायाताईंनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले. अनंतच्या मजकुरात नव्हते असे तीन शब्द माझ्यात होते. सुरुवातीलाच: 'पक्की बातमी आहे.' ते मी लिहिले होते. अनंत बँकेत आहे, तो उगाच काही पाठवणार नाही, असं काहीसं तेव्हा डोक्यात होतं. खरं तर डोक्यात काहीच नव्हतं. चहा घेता घेता अंगठ्यानं लिहून टाकलं होतं.

मायाताईंनी ते वाचलं आणि फोन परत दिला. मी त्यांच्याबरोबर निघालो. घरी बसवलं नसतं.

कोणी काय पाठवलं हे फोनवरून आपोआप कळत नाही. एकेकाला जाऊन विचारावं लागतं. शुक्रवार आणि शनिवार आम्ही तेच केलं. अनंतनं जिमच्या मास्तरचं नाव सांगितलं, मास्तरनं दुसऱ्या कोणाचं. कोणी चहा दिला, कोणी दारातूनच बोललं. जसजसे मागे जात होतो तसतसा मजकूर लहान होत होता. अनंतच्या आधी 'टोळी' नव्हती. ब्यूटी पार्लरवाल्या रितिकाच्या फोनवर गुंगीचं औषधही नव्हतं. तिथं एवढंच होतं: 'ही बाई लेकरांना खायला देते. लक्ष ठेवा.' रितिकाला तो आला होता तिच्याच इमारतीच्या ग्रुपवरून, आनंदराव डोंगरेंकडून.

आनंदराव निवृत्त पोस्टमन, वय चौऱ्याहत्तर. ईमेल कसा लिहायचा हे तेही मायाताईंच्या कॅफेतच शिकले होते. आम्हाला पाहून त्यांनी खुर्च्या ओढल्या, जयभीम केला, आत पत्नीला, सिंधूताईंना, चहा टाकायला सांगितलं. मायाताईंनी विचारल्यावर चष्मा लावून त्यांनी स्वतःचाच मेसेज शोधला आणि वाचून दाखवला.

"ही बाई कोण आहे? रोज येते. लेकरांले फुकट शिंगाडे देते. कोणाले माहीत आहे काय?"

तो एक प्रश्न होता. नातू तिच्याकडचे शिंगाडे खाऊन आला होता आणि ते गोड होते. ओळखीची निघाली तर रोज घ्यावे, असं त्यांना वाटलं होतं.

"गुडघे असे आहेत बाई," ते म्हणाले. "दोन जिने उतरून विचाराले जाणं जमलं नाही. म्हणून इथं विचारलं." मग त्यांच्या लक्षात आलं आम्ही का आलो आहोत ते. गुरुवारचा प्रकार त्यांनी ऐकला होता, पण आपल्या फोटोशी त्याचा संबंध त्यांनी जोडलाच नव्हता. त्यांनी चष्मा काढला.

माझ्यापासून आनंदरावांपर्यंत, दोघांना धरून, सात माणसं. त्यांच्यातला एकही वाईट नव्हता. प्रत्येकानं एखाददुसरा शब्द घातला होता, बस. मायाताईंनी सगळ्यांना एकच विनंती केली: जिथं जिथं पाठवलं तिथं तिथं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत खरं सांगा. मी लिहून देणार नाही. पाच जण तयार झाले. एक म्हणाला, मी डिलीट केलं, विषय संपला. एक तर भांडलाच. आनंदरावांना एवढं सगळं टाइप करणं जमेना, त्यांनी बोलून पाठवलं. मी लिहिलं, 'पक्की बातमी हे शब्द माझे होते आणि ते खोटे होते.' इतकं लिहायला मला अख्खी दुपार लागली. फोटोवर चाळीस उत्तरं आली होती, यावर एक अंगठा आला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं रामटेकच्या बसमध्ये बसलो. आनंदराव गुडघ्यांना पट्टे बांधून आले होते. शामलाबाईंचं घर गावाबाहेर तळ्याच्या अंगाला होतं. अंगणात सून, मिनल, शिंगाडे उकडत होती. शामलाबाई आतून आल्या. उजवा हात अजून नीट वर होत नव्हता.

आनंदराव उभ्या उभ्याच बोलले. "फोटो मी काढला, बाई. माझ्या मनात वाईट नव्हतं. पण काढला मीच."

शामलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मंग मले आवाज काहून नाही देला?" त्या म्हणाल्या. "वर आणून देले असते मी शिंगाडे."



लेकरांना फुकट का देत होत्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. बसमध्ये टोपली हादरते, थोडे शिंगाडे फुटतात. फुटका कोणी विकत घेत नाही. तो परत आणून करायचा काय? मग त्यांनी मायाताईंकडे वळून विचारलं, "तो फोटो आता गेला न?"

आमच्या येण्याला थोडा तरी अर्थ उरावा म्हणून 'गेला' म्हणणं सोपं होतं. मी तेच म्हणणार होतो.

"नाही," मायाताई म्हणाल्या. "आमच्याकडचा काढला. पण तो कुठं कुठं पोचला ते मले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. पुन्हा येऊ शकते."

"मंग?"

"मले दिसन तिथं मी सांगन. तुम्ही म्हणान तर नावानिशी तुमचा चांगला फोटो काढून…"

"नको माय," शामलाबाई म्हणाल्या. "फोटो नको."

त्यांनी चहा दिला, जाताना मिनलनं पिशवीत शिंगाडे घातले. झालं गेलं विसरा असं आम्ही म्हणालो नाही, विसरलो असं त्याही म्हणाल्या नाहीत. नंदनवनात त्या पुन्हा आल्या नाहीत. रामटेकच्या बसस्टँडवर बसतात. तिथं खप कमी आहे, असं मिनल फोनवर सांगते.

तो फोटो मात्र आला. आठ महिन्यांनी, मायाताईंच्या पुण्याच्या भाचीकडून, नंदिनीकडून, भलत्याच शहराचं नाव लावून. त्यानंतर आणखी दोनदा. मायाताई आता लिहीत बसत नाहीत, पाठवणाऱ्याला सरळ फोन लावतात. "नंदिनी, जेवली काय? बरं, तो फोटो तुले कोणी पाठवला?" अर्धा तास गेला तरी चालतो. दोन ग्रुपांनी त्यांना काढून टाकलं. चुलत भाऊ पुन्हा बोलेनासा झाला. त्याचं त्यांना वाईट वाटतं, पण त्या फोन करायचं सोडत नाहीत.

परवा त्यांच्याकडे मुलीच्या प्रवेशाचं काम होतं म्हणून गेलो होतो. बोलता बोलता म्हटलं, "मायाताई, हे इंटरनेट, हे फोन आलेच नसते तर बरं झालं असतं, असं नाही वाटत?"

त्यांनी टाइप करणं थांबवलं. "सरितानं शटर ओढल्यावर पोलिसांले बोलावलं कशावरून, भाऊ? त्याच फोनवरून न?" त्या म्हणाल्या. "हे बरं की वाईट, ते मले नाही सांगता येत. मी एवढी वर्षं मशीनच शिकत राहिली. माणसाले काय विचाराचं, ते आत्ता शिकून राहिली."

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला आले. जन्मभर विटा उचललेल्या बोटांचा ठसा मशीन घेईना. तीनदा नापास झाल्यावर ते ओशाळून हसले. मायाताईंनी आतून ओलं फडकं आणलं आणि त्यांचा एकेक अंगठा धरून सावकाश पुसायला घेतला.