डाव्या खांद्यावरचा सिलिंडर

समस्त नाशिककरांस, आणि त्यातही सिडकोत लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मंडळींस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, भरलेला सिलिंडर एका दमात वर आणून मोकळ्या हाताने बेल वाजवणारा तुमचा माणूस यापुढे येणार नाही. तो हयात आहे. त्याला वजन उचलायला मनाई झाली आहे. या निवेदनाखाली सही करणारा इसम त्यास कारणीभूत असून त्यास गुन्हा कबूल आहे.

इसमाचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान कसलं, बोळ. नजर तपासायला जेवढं अंतर लागतं त्याच्या निम्म्यात भिंत येते. म्हणून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता टांगायचा आणि समोर आरसा लावायचा. गिऱ्हाईक आरशात बघून सुलट वाचतं. मी मात्र गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभा, त्यामुळे पंचवीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तो उलटाच तक्ता आहे. वर्तमानपत्र सुलट छापलेलं बघून मला कधी कधी दचकायला होतं.

संध्याकाळी मी बॉक्सिंगच्या तालमीत जायचो. एक पत्र्याची शेड, ठोसे मारायला टांगलेल्या दोन बॅगा आणि घामाचा वास. तरुणपणी मी चार लढती खेळलो होतो. चारही हरलो, आणि त्या भांडवलावर पुढची सगळी वर्षं सल्ले दिले. शिकवणारे सर अंबडच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचे. ते येईपर्यंत रंगमंच माझा.

आपला सिलिंडरवाला तिथलाच. दिवसभर गॅस पोचवायचा आणि संध्याकाळी ग्लोव्ह्ज चढवायचा. त्याला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून भरती व्हायची तर राज्य स्पर्धेपर्यंत पोचल्याचा कागद हवा, आणि वयाची अट यंदा संपत होती. म्हणजे जिल्ह्याची निवड चाचणी जिंकली तर खाकी, नाहीतर आयुष्यभर जिने.

त्याची लढायची तऱ्हा मात्र बघवत नसे. डावा खांदा कानापर्यंत चढलेला, हनुवटी त्याच्या आड दडवलेली, डावा हात कमरेशी, आणि पावलं जिन्यावरून उतरल्यासारखी एकेक चाचपत पडणारी. समोरच्याचे ठोसे त्या खांद्यावर आपटून वाया जायचे आणि मध्येच उजवा हात सुटायचा, बेल वाजवल्यासारखा. रोज खांद्यावर ओझं वाहून शरीराला लागलेली सवय होती ती. ‘गॅस आला,’ मी बाहेरून पुकारायचो आणि सगळी शेड हसायची. तोही हसायचा. मागच्या वर्षी चाचणीत त्याने मालेगावच्या एका यंत्रमागावरच्या कामगाराला असाच बेल वाजवून हरवलं होतं. नंतर राज्य स्पर्धेच्या तोंडावर तापाने आजारी पडला आणि कागद हुकला.

“काका, जिंकलो, पण लोक हसत होते,” एकदा तो म्हणाला. “मला जरा चांगलं दिसायचंय.”

सर म्हणाले, “त्याला हात लावू नका. आहे तसा बरा आहे.”

पण माझ्यातल्या नटाला कोण आवरणार? मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. परदेशातला नावाजलेला व्यावसायिक मुष्टियोद्धा. उजवा खांदा पुढे, उजवा हात कमरेशी बेफिकीर सोडलेला, चेहऱ्यावर सासरी आलेल्या जावयाचा रुबाब. ठोसे त्याच्या अंगाला लागून पावसाच्या पाण्यासारखे निथळत होते. मी तो आपल्या माणसाला दाखवला आणि गंभीर आवाजात निदान केलं.

“बघ लेका. तुझं सगळं उलटं आहे.”

हे वाक्य मी आजही रोज ऐकतो.

दीड महिना आम्ही त्याला सुलटा केला. उजवा पाय पुढे, उजवा खांदा वर, डावा हात मागे. सवय व्हावी म्हणून मी त्याला सिलिंडरही उजव्या खांद्यावर घ्यायला लावला. पहिल्या आठवड्यात दोन जिन्यांचे कठडे वाकले आणि एका बाईंच्या दाराचा रंग गेला. पण तो जिद्दीचा. जेवतानाही डाव्या हाताने पाणी प्यायचा. हळूहळू तो खरंच त्या व्हिडिओतल्यासारखा दिसायला लागला. आता शेडमध्ये कोणी हसत नव्हतं. उलट मोबाइल काढून शूटिंग करायचे. सरांनी एकदा दाराशी उभं राहून पाहिलं.

“दिसतो छान,” एवढंच म्हणाले आणि बॅगेची साखळी घट्ट करायला लागले.

चाचणी मालेगावला होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. समोर पुन्हा तोच यंत्रमागावरचा कामगार, आणि त्याची तऱ्हाही तीच, मागावरच्या धोट्यासारखी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, न थकता. आपला माणूस उजवा हात कमरेशी सोडून रुबाबात उभा राहिला. मी कोपऱ्यातून टाळ्या वाजवल्या. पहिल्या फेरीत तीन ठोसे त्याच्या तोंडावर बसले. दुसऱ्या फेरीत ते मोजण्याचं सोडून दिलं. आयत्या वेळी त्याचं शरीर जुन्या सवयीने हनुवटी डावीकडे लपवायला जायचं, आणि डावा खांदा तर आता मागे होता. तिथे लपायला काहीच नव्हतं. उजवी बाजू सताड उघडी पडायची आणि समोरच्याचा डाव्या हाताचा आडवा ठोसा दर वेळी उजव्याच डोळ्यावर यायचा. व्यावसायिकांना बारा फेऱ्या असतात, चुका दुरुस्त करायला वेळ असतो. आमच्याकडे तीन. तिसरी फेरी संपली तेव्हा तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

जिंकलेला कामगार आमच्याकडे आला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता.

“चाचा, इसको क्या हुआ? पिछले साल ये समझ में ही नहीं आता था. इस बार सब पहले से मालूम था. ये वाला वीडियो तो मैंने भी देखा है.”

परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. चांदवडच्या अलीकडे म्हणाला, “काका, उजवीकडून काळा पडदा सरकल्यासारखा वाटतोय.”

“नाटक संपलं की पडदा पडणारच,” मी म्हणालो.

म्हणालो आणि थिजलो. पंचवीस वर्षं मी डोळ्यांच्याच धंद्यात आहे. तो पडदा म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता.

त्याच रात्री दवाखाना गाठला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पडदा चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि त्याला दहा दिवस पालथं झोपायला सांगितलं. आयुष्यभर गॅस वाहिलेल्या माणसाच्या डोळ्यात गॅस. असा विनोद समोर आला असता तर मी एरवी सोडला नसता. डॉक्टर म्हणाले, थोडी नजर येईल, पूर्वीसारखी नाही. ठोसा नाही, ओझं नाही. पोलिस भरतीचं कोणी विचारलंच नाही.

त्याची आई अंगणवाडीत शिकवते. पाटीवर उलटे आकडे काढणाऱ्या पोरांचा हात धरून ते सुलटे करायचे, हे तिचं रोजचं काम. पलंगाशी स्टुलावर बसून ती म्हणाली, “भाऊ, कुणाचं बघून शिकला, ते दाखवा तरी.”

मी मोबाइल दिला. तिने तो बराच वेळ धरला. मग योद्ध्याच्या चड्डीच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजी अक्षरं होती, आणि ती माझ्या दुकानातल्या तक्त्यासारखी होती. ती उठली, बेसिनवरच्या आरशाकडे गेली आणि मोबाइलचा पडदा आरशासमोर धरला. मी मागे जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचे व्हिडिओ चोरून टाकणारे लोक पकडलं जाऊ नये म्हणून ते आरशासारखे फिरवून टाकतात, हे मला नंतर एका गिऱ्हाइकाने सांगितलं. तेव्हा फक्त आरसा दिसला. त्यात अक्षरं सुलट झाली होती. तो योद्धा डावा खांदा कानापर्यंत चढवून, हनुवटी त्याच्या आड दडवून, डावा हात कमरेशी धरून उभा होता. उजवा हात मोकळा.

“काय दिसतंय?” पालथ्या पडलेल्या त्याने उशीतून विचारलं.

त्याची आई आरशाकडे बघतच बोलून गेली, “अगं बाई, ह्यानं पण डाव्याच खांद्यावर सिलिंडर घेतलाय.”